निरंक

आमच्या शाखेत शिरलं की डाव्या हाताला एक फळा आहे. फळा म्हणायचं ते आपलं जुन्या सवयीनं. आता तो पांढरा आहे आणि त्यावर खडूऐवजी मार्करनं लिहितात. या फळ्यावर रोज सकाळी दहाच्या आत ‘आजचा दिनविशेष’ लिहिण्याची कामगिरी माझ्याकडे आहे. माझ्याकडेच का, तर माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. शाळेत मास्तर माझी वही वर्गभर फिरवीत, आई ती शेजारच्या बिऱ्हाडात नेऊन दाखवी, आणि या अक्षरावर पोरगा नाव काढणार याबद्दल घरात दुमत नव्हतं. पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि बघतो तो माझ्या आधीच टेबलावर संगणक येऊन बसलेला! तेव्हापासून माझं अक्षर बेकार होतं. नव्या साहेबांनी ते एकदा कुठल्याशा स्लिपवर पाहिलं आणि त्याला फळ्यावर नोकरी दिली.

फळ्यावर जागा दोन ओळींची. त्याखाली सोनेतारण कर्जाचा व्याजदर असतो आणि त्याला धक्का लावायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. इतिहासानं काय घडवायचं ते या दोन ओळींत बसेल इतकंच घडवावं, अशी बँकेची अपेक्षा दिसते.

सुरुवातीला मला वाटलं, यात आहे काय? कॅलेंडरचं पान उलटायचं, अमुक साली तमुक जन्मले, तमुक साली अमुक वारले, की दिवसाची सोय झाली. पण फळ्याला वाचक असतात हे मी विसरलो होतो. एखाद्या मासिकाला हेवा वाटावा एवढा आमच्या फळ्याचा वाचकवर्ग आहे. कारण आमचा सर्व्हर दिवसातून एकदा तरी बसतो आणि पासबुक भरून घ्यायला आलेली पेन्शनर मंडळी तो उठेपर्यंत फळ्यासमोर उभी असतात. त्यातून ही शाखा पुण्यात. पुण्यातला माणूस फळा नुसता वाचत नाही, तपासतो. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी काउंटरवर येऊन मला विचारलं, “काय हो, तुमच्याकडे रोज कुणीतरी मरतंच का?”

मी म्हटलं, “आजोबा, जन्मतातही.”

“मग ते लिहा की. या वयात सकाळी सकाळी हे वाचून बरं वाटत नाही.”

तेव्हापासून मी एक दिवस जन्म आणि एक दिवस मृत्यू असं वेळापत्रक केलं. त्यात काही थोर माणसं भलत्याच वारी गेल्यामुळे फळ्यावरून राहिली. त्याचं पाप माझ्या माथी. पण कुठला दिवस विशेष, कुठला साधा, आणि हे ठरवणारा मी कोण, हा प्रश्न मला तोवर पडलेला नव्हता. तो पडायला मागचा एक जुलै महिना यावा लागला.

बारा जुलैला काय लिहायचं हा पुण्यात प्रश्नच नसतो. मी लिहिलं, ‘१९६१ : पानशेत धरण फुटून पुण्यात महापूर.’ जुन्या पुणेकरांना इसवी सन फारसा लागत नाही. लग्न पानशेतच्या आधी झालेलं असतं, वाटण्या पानशेतनंतर, आणि थोरल्या मुलाचा दात पानशेतच्या ऐन आठवड्यात पडलेला असतो. आदल्या रात्री जवान धरणावर वाळूची पोती रचत होते, सकाळी पानशेत फुटलं, ते पाणी खालच्या खडकवासल्याला पेललं नाही आणि मुठा पेठांत शिरली. हे सगळं मला ठाऊक होतं. पण दोन ओळींत पोती काही बसेनात.

त्या दिवशी एक आजी केवायसीचा कागद घेऊन आल्या. कागदावर जन्मतारीख होती एक जून.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या संगणकात ग्राहकांच्या जन्मतारखा पाहिल्या, तर निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मला असं वाटावं. पूर्वी जूनमध्ये शाळेत नाव घालायला पोराला न्यायचं, मास्तर विचारायचे, “जन्मतारीख?” आणि बाप म्हणायचा, “त्या वर्षी विहिरीला पाणी लागलं बघा.” मास्तर विहिरीकडे दुर्लक्ष करून वयात बसेल असा एक जून ठोकून द्यायचे. त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी आमचा संगणक वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवून पाठवून दमतो. महाराष्ट्रातल्या एवढ्या माणसांचा एकदम जन्म झाला, पण एकाही कॅलेंडरवाल्याला तो दिनविशेष म्हणून छापावासा वाटलेला नाही.

मी आजींना हसून म्हटलं, “तुम्हीही एक जूनच्याच?”

“छे हो. मी श्रावणातली. नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधीची, असं आई सांगायची. तारीख, वेळ सगळं वडिलांच्या एका वहीत होतं. ती वही पाण्यात गेली. मग शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी दिली एक जून.” आणि मागं वळून, मटार महागले म्हणावं तशा सुरात म्हणाल्या, “तुमच्या फळ्यावर पूर आहे. आमची वही नाही.”

तक्रार नव्हती ती. सही करून, अक्षर छान आहे हो तुमचं, म्हणून त्या गेल्यासुद्धा. माझ्या अक्षराची स्तुती ऐकून मला आनंद झाला नाही, अशी ती बहुधा पहिलीच खेप.

दोनच दिवसांनी आला चौदा जुलै. १७८९ साली या दिवशी पॅरिसच्या लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग फोडला. आत कैदी होते सात. पण सात कैद्यांसाठी फुटलेल्या त्या तुरुंगामुळे फ्रान्सची राजवट कोलमडली, आणि जगातल्या शाळकरी मुलांच्या मागे फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे पाच गुणांसाठी लागली. मला यात गंमत वाटली ती त्यांच्या राजाची. सोळावा लुई रोजनिशी लिहीत असे, आणि त्या दिवसापुढे त्यानं एकच शब्द लिहिला आहे : ‘रियँ.’ म्हणजे काही नाही. आमच्या भाषेत निरंक.

निरंक हा कारकुनी जगातला मोठ्या सुखाचा शब्द आहे. शाखेतून वरच्या कचेरीला पत्रकं जातात. बनावट नोटा : निरंक. गहाळ चेकबुकं : निरंक. असा निरंक लिहिताना कारकुनाला जो आनंद होतो तो कवीला यमक जुळल्यावरही होत नसेल. त्यामुळे लुईला सगळं जग हसतं तसं मला हसता येईना. त्यानं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. त्याची ती वही मुख्यतः शिकारीची. त्या दिवशी शिकार झाली नाही, म्हणून निरंक. पुढं साडेतीन वर्षांनी त्याची मान गेली ती काही या नोंदीमुळे नव्हे. वही नियमित होती, अक्षरही असेल बरं. रकाना तेवढा चुकीचा आखलेला होता. आणि ज्याचा रकानाच आखलेला नाही त्याची नोंद करायची कुठं? आजींच्या वडिलांच्या वहीचा रकाना माझ्या फळ्यावर कुठं होता?

हा विचार मी जेवणाच्या सुट्टीत साहेबांपुढे मांडला. ते म्हणाले, “एनपीएचं पत्रक झालं का?”

एकोणीस जुलै सुखाचा गेला. १९६९ साली त्या दिवशी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तो आमच्या घरचाच सण. पण वीस तारखेला मी त्याच सालचं चंद्रावरचं पाऊल लिहिलं आणि एक आजोबा ताडकन काउंटरवर आले. हे वेधशाळेतून निवृत्त झालेले. पुण्यात त्या कचेरीला अजून शिमला ऑफिस म्हणतात. “वीस तारीख अमेरिकेत,” ते म्हणाले. “आपल्याकडे एकवीस लागली होती. यान उतरलं ते पहाटे पावणेदोनला आणि पाऊल पडलं सकाळी साडेआठच्या सुमाराला. मी दात घासत होतो.”

“मग चंद्रावर कुठली तारीख होती?” मी आपलं सहज विचारलं. तिथं माझी चूक झाली. सर्व्हर बसलेला होता आणि आजोबांना घाई नव्हती. तारीख म्हणजे माणसांनी आपसांत केलेला ठराव, असं म्हणून त्यांनी मला सोळाव्या शतकात नेलं. १५८२ साली पोपनं पंचांग दुरुस्त केलं तेव्हा इटली, स्पेन, पोर्तुगाल इथली माणसं चार ऑक्टोबरला झोपली आणि उठली ती पंधरा ऑक्टोबरला. इंग्रजांनी हे मान्य करायला १७५२ साल उजाडवलं. त्यांनी दोन सप्टेंबरनंतर एकदम चौदा सप्टेंबर केला. रशियानं तर एवढा उशीर लावला की तिथली ऑक्टोबर क्रांती बाकीच्या जगात सात नोव्हेंबरला झाली.

मी म्हटलं, “आणि इंग्लंडातल्या त्या अकरा दिवसांचं व्याज?”

आजोबांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. पण प्रश्न अगदीच पोरकट नव्हता. इंग्लंडचं करवर्ष आजही सहा एप्रिलला सुरू होतं, त्याचं मूळ त्या गाळलेल्या दिवसांतच आहे. राजे गेले, साम्राज्य गेलं. हिशेब मात्र कुणी सोडला नाही. एक कॉमर्सचा पदवीधर म्हणून मला बरं वाटलं.

आणि मग आला सव्वीस जुलै. या दिवसानं माझे डोळे पांढरे केले, कारण कॅलेंडरात त्याच्या वाट्याला फारच आलेलं आहे. आदल्या संध्याकाळीच साहेब म्हणाले, “उद्या कारगिल.” त्यांचे धाकटे मेहुणे फौजेत आहेत. १९९९ साली कारगिलचं युद्ध संपल्याचा तो विजय दिवस; हरकत घेण्याचं कारण नव्हतं. तेवढ्यात कॅशच्या खिडकीतून आमच्या कोल्हापूरच्या सहकारी बाई म्हणाल्या, “आणि शाहू महाराज?”

१९०२ साली याच तारखेला करवीर संस्थानाचा हुकूम निघाला की यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. महाराज तेव्हा इंग्लंडात होते. त्या हुकुमात एक बाब अशी आहे, की प्रत्येक खातेप्रमुखानं आपण केलेल्या नेमणुकांचं दर तिमाहीला पत्रक पाठवावं. एवढी मोठी गोष्ट तिमाही पत्रकासकट आली हे वाचून त्या राजाबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला. निरंक लिहून चालणार नाही, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. बाई नोटा मोजता मोजता शांतपणे म्हणाल्या, “ते नसतं निघालं तर या खुर्चीवर मी नसते. तुम्ही काय लिहायचं ते लिहा.” आता यावर काय बोलणार?

माझं मत मात्र तिसरीकडेच होतं. २००५ चा मुंबईचा पाऊस. तो मी पाहिलेला आहे, पाहिलेला म्हणजे त्यातून चाललेला आहे. मी म्हटलं, “मुंबईचा पूर तरी गाळता येणार नाही.”

चहाचे कप गोळा करणारे आमचे शिपाईमामा थांबले. ते महाडकडचे. एरवी दिवसाकाठी चार वाक्यं बोलतील तर शपथ. म्हणाले, “त्याच पावसात आमच्याकडे डोंगर खाली आला साहेब. जुई, दासगाव. माझी आत्या होती जुईत. कोण विचारलं की आम्ही सांगतो सव्वीस जुलै, तर म्हणतात, हां हां, मुंबईचा.” आणि कप घेऊन गेले.

त्या रात्री मला झोप लागेना. बायको म्हणाली, “दोन ओळी लिहायच्यात ना? पेपरात अग्रलेख लिहायचा असल्यासारखे काय करताय?” तिला सांगावंसं वाटलं, पण जे सांगायचं होतं ते मी मलाही नीटसं सांगितलेलं नव्हतं.

२००५ साली मी पंचविशीचा. मुंबईत फोर्टमध्ये नोकरी, गोरेगावला मावशीकडे मुक्काम. वेधशाळेवाले आजोबा आकडे तोंडपाठ सांगतात : त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३. म्हणजे उपनगरांत आभाळ फाटलं होतं तेव्हा आम्ही फोर्टात छत्री उघडून चहाला जात होतो. आमच्या लेखी पाऊस निरंक. संध्याकाळी दादरला गाडी जी थांबली ती थांबलीच, आणि लोक चालायला लागले तसा मीही लागलो.

माहीमच्या पुढं एक काका भेटले. पन्नाशी ओलांडलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात लांब दांड्याची छत्री. ती त्यांनी उघडलेली नव्हती. तिच्या टोकानं ते पुढचा रस्ता चाचपत होते, कारण पाणी कमरेला लागलं होतं आणि खाली गटारांची झाकणं उघडी असण्याची भीती होती. मला पोहता येत नाही. ते म्हणाले, “माझ्या पावलावर पाऊल टाक.” वांद्रे, खार, सांताक्रूझ असे आम्ही चाललो. मध्ये एका दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी डबा उघडला. एक पोळी आणि बटाट्याची भाजी उरली होती. त्यांनी पोळी मधोमध फाडली आणि मोठा तुकडा मला दिला.

पार्ल्याला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून लोक हाका मारीत होते. वर आधीच तीसेक माणसं होती. आणखी एकाची जागा होईल म्हणाले. काका म्हणाले, “तू जा. मला मालाडला जायचंय. मुलगी घरी एकटी आहे.” मी गेलो. वर मला कोरडा सदरा मिळाला, चहा मिळाला. गॅलरीतून खाली पाहिलं तर दिवे गेलेले, आणि काळोखात कोण कुठं काही दिसेना.

‘तुम्हीही चला काका, होईल काहीतरी’ असं मी म्हटलं होतं का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो आहे की म्हटलं होतं. नाव विचारलं नव्हतं, एवढं मात्र नक्की.

दरवर्षी सव्वीस जुलैला जुन्या मित्रांचे फोन येतात आणि मी ती हकीकत सांगतो. लग्नकार्यात सांगितली आहे, गणपतीत सांगितली आहे. पहिल्या वर्षी मी म्हणायचो, “एका काकांनी मला वाचवलं.” मग कधीतरी “आम्ही दोघं चाललो” असं झालं. गेली काही वर्षं मी म्हणतो, “मी दादर ते पार्ला चालत आलो.” म्हणजे मी तारीख पाळली, आणि पाळता पाळता त्यातला माणूस खर्ची घातला. मी तरी काय, लुईच्या वहीला हसणार होतो.

सकाळी मी लवकर जाऊन फळ्यावर बारीक अक्षरात तीन गोष्टी बसवल्या. शाहू महाराजांचा हुकूम, कारगिलचा विजय आणि ‘मुंबईसह कोकणात महापूर, दरडी.’ अक्षर सुरेख आलं होतं. मामा झाडू ठेवून वाचत उभे राहिले. म्हणाले, “कोकण म्हणजे केवढं मोठं हो साहेब.”

मी मार्कर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खडूसारखा धरला आणि वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत ‘जुई, दासगाव’ लिहिलं. वर जागा नव्हती म्हणून खाली लिहिलं, आणि लिहिताना मनगट घासून सोनेतारणाचा व्याजदर पुसला गेला. साहेब आले, त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “दराचा कागद आज काउंटरवर चिकटवा.” साहेब तसे वाईट नाहीत. वेधशाळेवाले आजोबा बाराला आले, फळा शेवटपर्यंत वाचला, आणि पुण्याच्या इतिहासात नोंद व्हावी अशी गोष्ट म्हणजे काहीही दुरुस्ती न सुचवता रांगेत जाऊन बसले.

संध्याकाळी घरी आल्यावर माळ्यावरची ट्रंक काढली. वडिलांनी लावलेल्या सवयीनं मी रोजचा जमाखर्च लिहितो. जुन्या वह्या सगळ्या आहेत. २००५ ची सापडली. २६ जुलै, मंगळवार. रेल्वेचा पास होता, डबा मावशीचा, पुढं सगळं लोकांनी दिलं. माझ्या त्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं, ‘खर्च : निरंक.’ जमेची बाजू कोरी.

बँकेत रक्कम आली आणि धनी कोण ते कळलं नाही, की ती उचंत खात्यात टाकतात. ठेवीवर दहा वर्षं कुणी हक्क सांगितला नाही, तर ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. पण त्यानंतरही धनी उभा राहिला तर त्याचे पैसे त्याला मिळतात. मागल्या तारखेची नोंद मात्र आमचा संगणक काही केल्या घेत नाही. वही घेते. मी पेन काढलं आणि जमेच्या बाजूला लिहिलं, ‘अर्धी पोळी, बटाट्याची भाजी.’ मग ‘अर्धी’ खोडून ‘अर्ध्याहून जास्त’ केलं. पुढं रकाना होता ‘कोणाकडून’. तिथं पेन अडलं.

बायको मागं येऊन उभी होती. “कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत का?”

“पैसे नाहीत,” मी म्हटलं. “पोळी.”

तिनं वहीत वाकून पाहिलं, तारीख वाचली, थोडा वेळ काही बोलली नाही. आत दुधाचा वास यायला लागला तशी वळली आणि जाता जाता म्हणाली, “निदान मालाडला कुठं, एवढं तरी विचारायचं होतंत.”